दूरस्थ मानसोपचार

उपचारक आणि उपचारार्थी एका खोलीत नसताना दूरध्वनी, व्हिडिओ कॉल, चॅट किंवा ईमेल यांच्या साहाय्याने व्यक्ती, जोडपे वा कुटुंब यांच्यावर केले जाणारे संवादाधारित मानसशास्त्रीय उपचार. व्यवहारात ‘ऑनलाइन थेरपी’ किंवा ‘ऑनलाइन काउन्सेलिंग’ हेच शब्द रूढ आहेत. मराठीत ‘मानसोपचार’ ही संज्ञा औषधे लिहून देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या आणि बोलून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या अशा दोघांच्याही कामाला लावली जाते. प्रस्तुत नोंदीत ती दुसऱ्या अर्थाने घेतली आहे. भारतीय कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे; त्याचा विचार पुढे केला आहे.

या पद्धतीचा उगम कोणता, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांच्या पत्रव्यवहारापर्यंत मागे नेतात. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा हान्स’ या रुग्णवृत्तांतातील पाच वर्षांच्या मुलावरील उपचार मुख्यतः त्याच्या वडिलांनी कळवलेल्या टिपणांवरून झाले. उपचारांच्या काळात फ्रॉइड यांनी मुलाला एकदाच पाहिले. तथापि येथे उपचार घरात वडीलच करत होते आणि फ्रॉइड त्यांना मार्गदर्शन करत होते. आजच्या भाषेत याला पर्यवेक्षण म्हणावे लागेल. चॅड व्हारा या धर्मोपदेशकांनी १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, तिचाही या संदर्भात उल्लेख होतो. पण तिचे स्वयंसेवक आपल्या कामाला उपचार न म्हणता मैत्री म्हणत आणि हा भेद त्यांनी जाणीवपूर्वक राखला होता.

नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूट (ओमाहा, अमेरिका) येथील सेसिल विटसन व सहकाऱ्यांच्या प्रयोगाचा दावा अधिक भक्कम वाटतो. या संस्थेत शिक्षणासाठी बंदिस्त दूरचित्रवाणीचा वापर १९५० च्या दशकाच्या मध्यापासून होत होता. दोन्ही बाजूंनी चित्र व आवाज जाईल अशा जोडणीवर समूह-उपचार सु. १९५९ मध्ये झाले आणि त्याविषयीचा लेख १९६१ मध्ये आला. दुय्यम ग्रंथांत आरंभाची वेगवेगळी वर्षे आढळतात, त्याचे कारण शिक्षण, उपचार आणि प्रकाशन या तीन टप्प्यांची सरमिसळ हे असावे. १९६४ च्या सुमारास ही संस्था सु. १८० किमी. दूर असलेल्या नॉरफोक येथील मनोरुग्णालयाशी जोडली गेली. पुढे बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून असेच काम झाले आणि त्यावरील टॉमस ड्वायर यांच्या १९७३ मधील लेखाने ‘टेलिसायकियाट्री’ (दूरस्थ मनोविकारचिकित्सा) ही संज्ञा रुळली.

इंटरनेटपुरता विचार केला तरी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये स्टॅनफर्ड आणि लॉस अँजेलिस येथील विद्यापीठांच्या संगणकांत ‘पहिले ऑनलाइन उपचारसत्र’ झाले, असे विधान अनेक लेखांत एकमेकांवरून उतरलेले दिसते. उपलब्ध प्रतिलेखानुसार १८ सप्टेंबर १९७२ रोजी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावर दोन संगणक-प्रणालींचा संवाद घडवण्यात आला. जोसेफ वायझेनबॉम यांच्या ‘एलायझा’ (१९६६) या प्रणालीचा ‘डॉक्टर’ हा अवतार एका बाजूला होता आणि मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांची, संशयग्रस्त रुग्णाचे अनुकरण करणारी ‘पॅरी’ दुसऱ्या बाजूला. पॅरी स्टॅनफर्डला होती, पण डॉक्टर लॉस अँजेलिसला नव्हे, तर मॅसॅच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीच्या संगणकावर होता. रुग्ण आणि उपचारक दोघेही यंत्रच असल्याने याला उपचार म्हणणे अवघड आहे. कॉर्नेल विद्यापीठातील ‘अंकल एझ्रा’ ही विद्यार्थ्यांसाठीची निनावी प्रश्नोत्तर सेवा (१९८६) आणि डेव्हिड सॉमर्स यांनी १९९५ पासून शुल्क घेऊन सातत्याने केलेले उपचार या दोहोंपैकी दुसरी घटना आजच्या सेवांच्या अधिक जवळची आहे.

परिणामकारकतेचा पुरावा प्रकारागणिक कमी-अधिक आहे. सर्वांत जास्त संशोधन इंटरनेटवरील बोधात्मक वर्तनोपचारावर (विचार व वर्तनाच्या सवयी बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती), विशेषतः स्वीडनमध्ये, झाले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महाविश्लेषणात (अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांचे एकत्रित सांख्यिकीय विश्लेषण) २० अभ्यास व १,४१८ सहभागी होते. समोरासमोरचे व इंटरनेटवरील उपचार यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र या अभ्यासांतील उपचार म्हणजे लेखी पाठ आणि उपचारकाचे अधूनमधून मार्गदर्शन. तो निष्कर्ष व्हिडिओवरील तासाभराच्या संभाषणाला सरसकट लावणाऱ्या जाहिराती जपूनच वाचाव्यात. चेहरा न दिसता लिहिताना माणूस अधिक मोकळा होतो, हे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडले.

जोडपी व कुटुंबे यांच्याविषयीचे साहित्य तुलनेने तोकडे आहे. येथील मुख्य तांत्रिक प्रश्न आसनव्यवस्थेचा असतो. पती-पत्नी एका कॅमेऱ्यासमोर बसले, तर उपचारकाला दोघांमधले अंतर आणि नजरानजर दिसते, पण चेहरे लहान होतात. वेगवेगळ्या पडद्यांवर असल्यास चेहरे स्पष्ट दिसतात, देहबोली हरवते. एक पुण्यात आणि दुसरा परदेशी प्रकल्पावर किंवा जहाजावर, अशा जोडप्यांपुढे वेगवेगळ्या पडद्यांचाच पर्याय उरतो. घरात हिंसेची शक्यता असेल तेव्हा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर कोण बसले आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येकाशी आधी स्वतंत्र बोलणे व धोक्यासाठी सांकेतिक शब्द ठरवणे ही रूढ पद्धत आहे. एकत्र कुटुंबात किंवा दोन खोल्यांच्या घरात एकांत हीच मोठी अडचण असते. गच्चीवरून किंवा उभ्या मोटारीतून बोलणारे उपचारार्थी त्यामुळेच आढळतात.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक विकारांत ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. दूरध्वनी, ईमेल व चॅट या मार्गांनी ती मराठीसह अनेक भाषांत समुपदेशन करते. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा (क्रमांक १४४१६) १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बंगळूरची निमहॅन्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था) ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. ती मुख्यतः दूरध्वनीवर चालते. तिला ‘ऑनलाइन’ म्हणावे की नाही हा वाद शब्दांपुरता आहे.

नियमनात मात्र वर उल्लेखिलेला भेद निर्णायक ठरतो. २५ मार्च २०२० ची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांना लागू होतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या अधिनियमाने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद करते. ‘समुपदेशक’ हे नामाभिधान मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने त्यांना प्रथमच वैधानिक चौकटीत आणण्याची तरतूद केली.

गोपनीयतेचा भंग ही या पद्धतीतील सर्वांत गंभीर जोखीम होय. फिनलंडमधील ‘वास्तामो’ या मानसोपचार कंपनीच्या सत्रनोंदी चोरून २०२० मध्ये हजारो रुग्णांकडे थेट खंडणी मागण्यात आली. पुढील वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या सेवेने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून तेथील व्यापार आयोगाने तिला ७८ लाख डॉलर देण्यास भाग पाडले. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मानसिक स्थितीविषयीची माहिती २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये असा स्वतंत्र वर्ग नाही.