उंदराचं औषध आणि मिठाचं पाणी
खानापूर-निपाणीकडं अजून सांगतात: कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लं तर मिठाचं पाणी पाजा, ओकला की सुटला. साफ चूक. मिठानं रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. एका विषावर दुसरं! संध्याकाळी शेपूट हलवत भाकरी खाल्ली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ब्रोमाडिओलोनसारखं उंदराचं औषध व्हिटॅमिन के चं काम बंद पाडतं, रक्त गोठेनासं होतं. पण साधारण २ ते ५ दिवस वरून काहीच दिसत नाही. मग हिरड्या पांढऱ्याफटक, धाप, काळी शी. यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के१, काही आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदराच्या औषधाला मात्र उताराच नाही, ते काही तासांतच घात करतं. म्हणून कुठलं औषध ते कळायला, फाटकं का होईना, त्याचं पाकीट घेऊनच जनावरांच्या डॉक्टरांकडं पळा.