जॉन एरिक्सन आणि वाया जाणारी धग

पंचगंगेच्या काठच्या आमच्या मळ्यात आजोबांचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं. हँडल मारून ते सुरू केलं की दिवसभर त्याचा ठेका नदीपलीकडे ऐकू जायचा. इंजिन गार ठेवायला त्यातून जे पाणी फिरायचं, ते बाहेर पडताना चांगलं कढत असायचं. थंडीच्या दिवसांत गडीमाणसं त्याच धारेखाली अंघोळ उरकायची आणि चहाची किटली सायलेन्सरच्या पाइपाला टेकवून ठेवलेली असायची. जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला मोठा वाटा असा पाण्यातून आणि धुरातून निघून जातो, हे मला पुढे पॉलिटेक्निकला गेल्यावर कळलं. ही निघून जाणारी धग अडवून परत कामाला लावायची, या एका ध्यासापायी जॉन एरिक्सन नावाच्या माणसाने जवळजवळ उभा जन्म घालवला.

त्याचं नाव निघतं ते बहुधा ‘मॉनिटर’ या लोखंडी युद्धनौकेमुळे. ती गोष्ट मोठीच आहे, पण कोल्हापूरसारख्या इंजिनांच्या गावात त्याची दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एरिक्सनचा जन्म ३१ जुलै १८०३ चा, स्वीडनच्या व्हर्मलँड प्रांतातला. हा मुलूख लोखंडाच्या खाणींचा आणि भट्ट्यांचा. वडील खाणीवर देखरेख करायचे. एका व्यवहारात ते बुडाले आणि गोटा कालव्याच्या कामावर नोकरीला लागले. जॉन आणि त्याचा थोरला भाऊ निल्स तिथेच, नकाशे आणि यंत्रांच्या आराखड्यांत वाढले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, मेस्त्रीचं पोर जसं शाळा सुटली की शेडमध्येच असतं आणि मिसरूड फुटायच्या आत लेथवर हात बसलेला असतो, तसंच ते. चौदाव्या वर्षी जॉन कालव्याची मोजणी करत होता. दुर्बिणीपर्यंत डोळा पोचत नसे, म्हणून एक माणूस त्याच्यामागून स्टूल घेऊन फिरायचा. निल्सने पुढे स्वीडनची रेल्वे उभी केली आणि तो मायदेशातच राहिला. जॉन सैन्यात गेला, आणि १८२६ साली स्वतः बनवलेल्या एका इंजिनाची कल्पना घेऊन लंडनला पोचला.

ते इंजिन तिथे चाललं नाही. स्वीडनच्या लाकडावर त्याची आग नीट लागायची, इंग्लंडच्या कोळशावर मात्र मेळ बसेना. परमुलखात पाय ठेवला आणि पहिला फटका जळणानेच दिला. पण तो गप्प बसणारा नव्हता. जॉन ब्रेथवेटबरोबर त्याने वाफेवर चालणारा आगीचा बंब बनवला. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिलला रेल्वे इंजिनांची प्रसिद्ध स्पर्धा झाली, तिच्यासाठी दोघांनी सुमारे सात आठवड्यांत ‘नॉव्हेल्टी’ उभी केली. ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन तिने लोकांना थक्क केलं, पण मोडतोड होऊन ती बाद झाली आणि बक्षीस स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ला गेलं.

१८३३ साली त्याने ‘कॅलरिक इंजिन’ लोकांपुढे मांडलं. यात वाफ नाही, फक्त हवा. हवा तापली की फुगते आणि पिस्टन, म्हणजे नळकांड्यातला दट्ट्या, ढकलते. काम झाल्यावर ती बाहेर पडते तेव्हाही गरमच असते. पुढच्या इंजिनांत एरिक्सनने तिच्या वाटेत तारांच्या जाळ्यांचे थर बसवले. बाहेर जाणारी हवा आपली धग जाळीत ठेवून जाणार आणि आत येणारी थंड हवा तीच धग उचलून घेणार. या भागाला रिजनरेटर म्हणतात. ही कल्पना पहिल्यांदा त्यालाच सुचली असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग या धर्मोपदेशकाने १८१६ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. एरिक्सनचं मोठेपण हे की त्याने ती कल्पना सोडली नाही. तिच्या जोरावर त्याने फार मोठ्या आशा धरल्या, कधी कधी विज्ञानाला परवडतील त्याहून मोठ्या. एकदा दिलेली धग पुन्हा पुन्हा वापरता येईल असं तो मानायचा, पण पिस्टनला ढकलण्यात जी खर्ची पडली ती जाळीत परत येत नाही.

आगबोटींचं काम याच काळातलं. तेव्हाच्या बोटी दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जायच्या. युद्धनौकेला हे घातकच, कारण एक गोळा चाकावर बसला की बोट जागीच अडकली. एरिक्सनने १८३६ मध्ये पाण्याखाली, मागच्या टोकाला फिरणाऱ्या पंख्याचं पेटंट घेतलं. फ्रान्सिस पेटिट स्मिथने काही आठवडे आधीच तसंच पेटंट घेतलेलं होतं. उद्यमनगरात पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, साच्यातून काढताना ज्याने पाहिलाय त्याला यातली खुबी लगेच कळेल. वाळू झटकली की पात्याचा पीळ दिसतो, आणि पाणी कुठून येणार, कुठे फेकलं जाणार हे त्या पिळावरच ठरतं. पंपात इंपेलर जागेवर फिरून पाणी पुढे ढकलतो, बोटीत पंखा पाणी मागे ढकलून बोटीला पुढे नेतो. १८३७ साली एरिक्सनने ४५ फुटी बोटीने ब्रिटिश नौदलाच्या बड्या अधिकाऱ्यांची नाव थेम्स नदीतून ओढून नेली. तरी नकार आला. ताकद मागच्या टोकाला लावली तर नौका वळवता येणार नाही, असं नौदलाच्या तज्ज्ञांचं मत होतं. ते अधिकारी त्याच बोटीमागच्या नावेत बसून वळणं घेत आले होते!

नोव्हेंबर १८३९ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. तिथे रॉबर्ट स्टॉकटन या नौदल अधिकाऱ्याच्या पाठबळावर ‘प्रिन्स्टन’ तयार झाली, अमेरिकन नौदलाची पंख्यावर चालणारी पहिली युद्धनौका. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्यावरची एक मोठी तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री यांच्यासह सहा जण ठार झाले. तोफ स्टॉकटनने करवून घेतलेली, पण बोल एरिक्सनला लागला आणि त्याच्या कामाचे पैसेही अडकले. पुढे न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तरी ते पैसे हाती पडले नाहीत. परक्या देशात बाजू घेणारं आपलं कोणी नसलं की काय होतं, ते इथे दिसतं. १८४८ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

मग आलं ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसी काम. १८५२-५३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची, २६० फूट लांबीची बोट कॅलरिक इंजिनावर चालवली. तिचे चार पिस्टन प्रत्येकी १४ फूट व्यासाचे होते, म्हणजे एकेक पिस्टन चांगल्या मोठ्या खोलीएवढा. एवढं आकारमान लागलं, कारण कमी दाबाची तापलेली हवा वाफेसारखा जोर देत नाही. ताकद हवी तर क्षेत्रफळ वाढवायचं, आणि ते वाढवलं की वजन वाढतं. शिवाय आगीवर असलेले लोखंडी तळ जळून जायचे. बोट चालली, कोळसाही कमी लागला, पण वेग बेताचा राहिला. १८५४ मध्ये वादळी वाऱ्यात ती पाण्याखाली गेली. वर काढल्यावर तिला वाफेचं इंजिन बसवलं.

इथे कोणीही हात टेकले असते. एरिक्सनने तेच इंजिन लहान केलं. बॉयलर नसल्यामुळे ते फुटायची भीती नव्हती आणि त्याच्यावर शिकलेला माणूस बसवायची गरज नव्हती. छापखान्यांनी आणि छोट्या कारखान्यांनी ते घेतलं, विहिरींवर आणि घरांच्या टाक्यांवर पाणी चढवायला ते लागलं. अशी हजारो इंजिनं विकली गेली. या कामासाठी १८६२ मध्ये त्याला अमेरिकेचं रम्फर्ड पदक मिळालं. ऑइल इंजिन आमच्या भागात का रुजलं याचं कारणही हेच आहे. शेतकऱ्याला स्वतः हँडल मारून चालवता येईल आणि बिघडलं तर गावातल्या मेस्त्रीकडून दुरुस्त करून घेता येईल, असं इंजिन हवं होतं. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी कोल्हापुरात ते करून दाखवलं.

‘मॉनिटर’चं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, ऑक्टोबर १८६१ मध्ये, त्याला २ लाख ७५ हजार डॉलरचं आणि १०० दिवसांच्या मुदतीचं कंत्राट मिळालं. एका कारखान्याने सांगाडा केला, दुसऱ्याने फिरता बुरूज, तिसऱ्याने इंजिन. उद्यमनगरात पॅटर्न एकीकडे, कास्टिंग दुसरीकडे आणि मशिनिंग तिसरीकडे होतं, तीच रीत. २५ ऑक्टोबरला पाया घातला आणि ३० जानेवारी १८६२ रोजी नौका पाण्यात उतरली. बुरुजाच्या आठ इंच जाड कवचात दोन तोफा होत्या. ९ मार्चला हॅम्प्टन रोड्स या बंदराच्या पाण्यात तिने बंडखोर दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकेला सुमारे चार तास अडवून धरलं. कोणीच जिंकलं नाही, पण लाकडी युद्धनौकांचे दिवस भरल्याचं सगळ्या जगाला कळलं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटरसजवळ वादळात ‘मॉनिटर’ बुडाली आणि १६ जण गेले. तिचा बुरूज २००२ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढला.

उतारवयात तो परत धगीकडेच वळला, या वेळी सूर्याच्या. १८७० च्या दशकात त्याने आरशांनी ऊन एकवटून चालणारी इंजिनं स्वखर्चाने बांधली. खर्चात ती परवडेनात. मग त्यासाठी रचलेलं छोटं हवेचं इंजिन त्याने कोळशावर आणि गॅसवर चालेल असं केलं, आणि ते पाणी उपसण्यासाठी विकलं जाऊ लागलं. न्यूयॉर्कच्या बीच स्ट्रीटवरच्या घरात तो एकटा राहायचा. पत्नी कधीच इंग्लंडला परत गेली होती. ड्रॉइंग बोर्डवरचं काम शेवटपर्यंत चालू होतं. ८ मार्च १८८९ रोजी तो गेला. १८९० मध्ये अमेरिकन नौदलाने ‘बाल्टिमोर’ या युद्धनौकेवरून त्याचं पार्थिव स्वीडनला पोचवलं, आणि जन्मगावाजवळच्या फिलिपस्टाडला, त्याच खाणींच्या मुलखात, त्याला पुरलं.