मोइसेस व्हिल

अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातील शेतकरी गाव. रशियन साम्राज्यातील पोडोलिया भागातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी ते १८८९ मध्ये वसवले. रशियात १८८१ पासून ज्यूंवर हल्ले होत होते आणि १८८२ च्या कायद्यांनी त्यांना खेड्यात जमीन घेण्याचीही बंदी केली. म्हणूनच या लोकांना नुसता आसरा नको होता, स्वतःची शेती हवी होती.

सुमारे ८२० जण ‘वेझर’ जहाजाने १४ ऑगस्ट १८८९ रोजी ब्युनोस आयर्सला उतरले. ज्या जमिनीचा करार करून ते आले होते, तिचे भाव मधल्या काळात चढले आणि मालकाने ती नाकारली. मग पेद्रो पालासिओस या जमीनदाराशी नवा करार झाला. पण रेल्वेने मुक्कामी पोचल्यावर तिथे ना घरे होती, ना अवजारे, ना बैल. माणसे स्थानकाजवळच्या शेडमध्ये आणि मालडब्यांत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांपुढे मुले भाकरीसाठी हात पसरत. साथीच्या तापात साठहून अधिक मुले दगावली. त्यांना रॉकेलच्या डब्यांत घालून पुरावे लागले, अशी आठवण सांगितली जाते. गावाचा इतिहास लिहिताना ही मुले आधी आठवावीत. देशातील पहिल्या ज्यू दफनभूमींपैकी एक इथलीच.

अशा हालातही रब्बी (ज्यू धर्मगुरू) आरोन हालेवी गोल्डमन यांनी लोकांना एकत्र ठेवले आणि वस्तीला ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेचे (स्पॅनिशमध्ये मोइसेस) नाव दिले. डॉ. विल्हेल्म लोवेन्थाल यांनी ही दैना डोळ्यांनी पाहून युरोपातील धनाढ्य ज्यू दानशूर बॅरन मॉरिस द हिर्श यांना कळवली. १८९१ मध्ये हिर्श यांनी ज्यू वसाहत संस्था स्थापली. संस्थेने जमीन दिली, ती हप्त्यांनी फेडायची होती. गहू-जवसाबरोबर लसूणघास आणि दुभती गुरे आली, घोड्यावर बसणे व गुरे राखणे हे शेजारच्या गाउचोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून, शिकून घेतले गेले. १९०८ मध्ये सहकारी संस्था निघाली. पुढे ग्रंथालय, सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), यिद्दिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेतील नाटकांसाठी ‘कादिमा’ नाट्यगृह आणि हिब्रू शिक्षकांचे विद्यालयही झाले.

‘गहू पेरला, डॉक्टर उगवले’ अशी इथली म्हण आहे. शिकलेली मुले शहरांत गेली ती परतली नाहीत. एकेकाळी बहुसंख्य असलेले ज्यू आता गावात थोडेच उरले आहेत. १९९९ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. वसाहतीचा इतिहास सांगणारे तेथील संग्रहालय गोल्डमन यांच्या नावाने आहे.