राजकीय व्यंगचित्र आणि कॉमिक स्ट्रिप: पुरावा कशाचा?

दोन्ही वर्तमानपत्रात छापून येतात, दोन्हींत माणसं फुग्यांतून बोलतात, म्हणून जुन्या काळाची मतं धुंडाळताना राजकीय व्यंगचित्र आणि स्ट्रिप (चौकटींतून गोष्ट सांगणारी चित्रपट्टी) सर्रास एकाच पंक्तीला बसवली जातात. पण दोन्हींची साक्ष वेगवेगळी.

राजकीय व्यंगचित्र ताज्या बातमीवर बेतलेलं असतं. मत उघड, पण ते त्या चित्रकाराचं. फार तर त्या वर्तमानपत्राचं. शेजारी त्या आठवड्याच्या बातम्या ठेवल्या नाहीत तर निम्मी चित्रं कळतही नाहीत.

स्ट्रिपचं गणित निराळं. अमेरिकेत सिंडिकेट, म्हणजे वितरण करणारी संस्था, एकच स्ट्रिप अनेक वर्तमानपत्रांना विकतं आणि चित्रं कित्येक आठवडे आधी हातात घेतं, रविवारची तर आणखी आधी. त्यामुळे कालची घटना तिच्यात शोधायला जाऊ नये. शिवाय संपादक बिथरला की गिऱ्हाईक गेलं! म्हणून स्ट्रिपमध्ये दिसतं ते बहुतेक घरांत खपेल एवढंच, आणि तेही उशिरा. हा उशीर किती, हेच खरं तपासायचं. ‘ब्लाँडी’ ही स्ट्रिप 1930 साली सुरू झाली; नायिकेनं केटरिंगचा व्यवसाय काढला तो 1991 मध्ये. तोवर अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रिया घराबाहेर कमवायला लागल्या होत्या. शाळांतला वर्णभेद तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये घटनाबाह्य ठरवला, पण ‘पीनट्स’ या स्ट्रिपमध्ये फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा उगवला 31 जुलै 1968 रोजी. तो गोऱ्या मुलांसोबत वर्गात बसलेला दिसताच दक्षिणेतल्या एका संपादकानं हरकत घेतली.

अशा हरकती स्ट्रिपइतक्याच जपून ठेवाव्यात. ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’मधल्या लॉरेन्सनं 1993 मध्ये आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी तो भाग छापलाच नाही. नुसता पुस्तकरूप संग्रह चाळणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी त्या दिवसांचे अंकच काढावे लागतात.

‘डून्सबरी’ ही स्ट्रिप मात्र दोन्हीकडची. तिला 1975 मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते संपादकीय व्यंगचित्राच्या विभागात, आणि कित्येक वर्तमानपत्रं ती अग्रलेखाच्या पानावर टाकत आली. ती व्यंगचित्रासारखीच वाचावी.

तारीख मात्र अंकावरून ठरवू नका. चौकटीच्या कडेला हातानं लिहिलेला महिना-दिवस आणि बारीक अक्षरातलं कॉपीराइटचं वर्ष पाहा. ‘पीनट्स’चे चित्रकार शुल्झ 2000 मध्ये वारले, तेव्हापासून तिच्या जुन्याच पट्ट्या फिरून छापल्या जातात. 2005 च्या अंकातला तिचा नायक चार्ली ब्राउन 2005 च्या समाजाबद्दल काहीच सांगत नाही.