जागा साफ करायच्या आधी आम्हाला तण बघू द्या

बागेसाठी जागा बघायला या असा फोन येतो आणि आम्ही पोचेपर्यंत लोकांनी सगळं रान काढून जागा चकाचक केलेली असते, आणि मग खरंच वाईट वाटतं कारण आम्हाला जे बघायचं असतं तेच गेलेलं असतं. आपोआप उगवलेल्या झाडांना कोणी पाणी-खत घातलेलं नसतं, तिथे जे आहे त्यावरच ती जगतात, म्हणून त्यांच्यावरून जमीन कशी आहे ते कळतं.

पाण्याचं कळायला सगळ्यात सोपं. पाणकणीस दिसलं की तिथे बराच काळ पाणी साचून राहतं, भले आज जमीन कोरडी दिसो. केना दाट असेल तर ओल टिकते. काटेमाठ, रानचाकवत यांचं रान माजलंय, पानं मोठी आणि गर्द हिरवी, तर मातीत नत्र (नायट्रोजन) भरपूर आहे समजा, बऱ्याचदा तिथे पूर्वी उकिरडा किंवा गोठा असतो. याउलट बाकीचं सगळं खुरटं, पिवळट आणि शेंगा येणारी रानरोपं तेवढी जोमात असतील तर नत्र कमी, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले बॅक्टेरिया हवेतला नत्र ओढून देतात, बाकीच्यांना ती सोय नाही.

हरळीबद्दल सगळे विचारतात. ती जवळपास कुठेही येते, त्यामुळे नुसत्या हरळीवरून काही ठरवू नका. तसंच एकट्या झाडावरूनही नको, बी कुठूनही उडून येतं! चार-पाच जाती एकत्र एकच गोष्ट सांगत असतील तरच आम्ही धरतो. त्यातही वर्षानुवर्षं टिकणारी झाडं जास्त भरवशाची, हंगामी तण कधीकधी नुसतं एवढंच सांगतं की इथे नुकतीच खणाखणी झालीय.

कोणत्या झाडाला काय किती लागतं याच्या नंबरांचे तक्ते नेटवर मिळतात. जर्मनीच्या हाइन्झ एलेनबर्ग यांनी १९७४ मध्ये झाडांना उजेड, नत्र, आम्लता यांसाठी १ ते ९ आणि ओलीसाठी १ ते १२ असे आकडे दिले, काम फार मोलाचं आहे पण ते मध्य युरोपातल्या झाडांसाठी, दुसऱ्या हवामानात तेच झाड वेगळं वागू शकतं, तेव्हा जसेच्या तसे वापरू नका.

आणि हो, पीएच (माती किती आम्ल की अल्क), खारटपणा किंवा जमिनीत काही विषारी आहे का हे आम्ही झाडं बघून ठरवत नाही, त्यासाठी माती टेस्टच करून घेतो, झाडांवरून फक्त नमुना कुठून घ्यायचा ते कळतं.

साफसफाई आधीच झाली असेल तर निदान कुंपणालगतचं राहू द्या, आणि जुने फोटो असतील तर ते काढून ठेवा.