गच्चीवरचा टॉवर आणि कानाजवळचा मोबाइल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सभेत यंदा दोन तास एकाच विषयावर गेले: समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहिलेला मोबाइल टॉवर. आठव्या मजल्यावरच्या वहिनींच्या खिडकीतून त्याचे अँटेना अगदी समोरासमोर दिसतात. घरात तान्हं बाळ आहे, त्यांची काळजी मला पूर्ण पटते. पण बोलता बोलता टॉवर, मोबाइल, एक्स-रे सगळं 'रेडिएशन' म्हणून एकाच पिशवीत गेलं, आणि तिथेच गल्लत झाली.

एक्स-रे आधी बाजूला काढू. त्याच्या किरणांत अणूमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद असते, त्यामुळे डीएनएला थेट इजा होऊ शकते. मोबाइलच्या लहरींत ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच: पेशी तापणं. (बोलताना कान गरम होतो तो मुख्यतः बॅटरी आणि चिपमुळे, ते वेगळं.)

आता टॉवर आणि हँडसेट. टॉवर लांबून, पण चोवीस तास, सगळ्या अंगावर. हँडसेट अगदी चिकटून, पण बोलू तेवढा वेळ आणि डोक्याच्या एकाच बाजूला. म्हणून दोघांची मापंही वेगळी. टॉवरचं मोजमाप दर चौरस मीटरला किती वॅट, असं होतं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. १८०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.९ वॅट आहे. हँडसेटसाठी मोजतात 'सार', म्हणजे शरीराच्या एक किलो ऊतीत किती वॅट शोषले जातात. आपल्याकडे मर्यादा किलोमागे १.६ वॅट, तीही एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. फोनवर *#०७# दाबलं की बहुतेक वेळा हा आकडा दिसतो.

वहिनींच्या खिडकीचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. अँटेनाला २० वॅट मिळतात आणि तो ती शक्ती एका दिशेला पन्नासपट एकवटतो असं धरलं, तर झोताच्या मधोमध तो १००० वॅटच्या दिव्यासारखा. पन्नास मीटरवर हे १००० वॅट सुमारे ३१,४०० चौरस मीटरवर पसरतात. म्हणजे दर चौरस मीटरला ०.०३ वॅट, ०.९ च्या मर्यादेपेक्षा बरंच कमी. एका गच्चीवर तीन कंपन्या आणि प्रत्येकीचे चार-पाच बँड (वेगवेगळ्या वारंवारतांचे पट्टे) असतील तर बेरीज वाढते, म्हणून मोजणी सगळ्यांची मिळूनच हवी. शिवाय झोत आडवा जातो, जरासा खाली झुकलेला. त्यामुळे टॉवरच्या बरोबर खाली राहणाऱ्यांना, मध्ये स्लॅबही असल्याने, कमी पोचतं. समोरच्या इमारतीत त्याच उंचीवर जास्त. वहिनींचं घर नेमकं तिथे आहे.

हँडसेटची गोष्ट उलटी. टॉवर लांब असेल, रेंज कमी असेल, तर फोन आपली शक्ती वाढवतो. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये तो जवळजवळ ओरडूनच बोलतो. सभेत कुणी म्हणालं, 'टॉवरच हटवा.' हटला, तर प्रत्येकाच्या कानाशी असलेला फोन जास्त जोर लावेल, हेही धरायला हवं.

कॅन्सरची जी चर्चा आपण ऐकतो ती बहुतांशी हँडसेटची आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना २बी गटात घातलं. त्याचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही', 'होतोच' असा नाही. १३ देशांच्या इंटरफोन अभ्यासात एकूण धोका वाढलेला दिसला नाही. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचं, प्रमाण जास्त दिसलं, पण ते आजाऱ्यांच्या आठवणीवर अवलंबून होतं. अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं रोज नऊ तास लहरींत ठेवलं, तेव्हा नरांच्या हृदयात गाठी आढळल्या. गंमत अशी की तेच नर लहरींविना ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

फोनसाठी माझा आग्रह साधा आहे: लांब बोलणं इअरफोनवर, लिफ्टमध्ये कॉल नको, उशाखाली फोन नको. टॉवरसाठी दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवरून मोजणी मागता येते. सोसायटीने ती मागावीच. फक्त मीटर खाली गेटपाशी नको, आठव्या मजल्यावर, वहिनींच्या उघड्या खिडकीत ठेवायला लावा.