आल्प्समधील सायकल सहल: सोबत गाइड की सोबत नकाशा

फ्रान्सच्या आल्प्समध्ये रोड सायकलवरून आठवडाभर घाट चढण्याची सहल घ्यायची ठरवली, की प्रवास कंपन्यांकडून दोन प्रकार समोर ठेवले जातात. एक गाइडेड आणि दुसरा सेल्फ-गाइडेड. दोन्हींच्या माहितीपत्रकांत हॉटेले बहुधा तीच असतात, घाटही तेच असतात. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी, भाड्याची कार्बन सायकल, जीपीएसवर भरून दिलेला मार्ग आणि अडचणीच्या वेळी फिरवण्यासाठी फोन नंबर या सोयीही दोन्हीकडे आढळतात. त्यामुळे एका सहलीत सोबत माणूस असतो, दुसरीत नसतो आणि म्हणून दुसरी स्वस्त पडते, एवढाच फरक आहे असा समज सहज होतो. पैसे भरण्यापूर्वी हा समज दूर झाला पाहिजे असे मला कळकळीने वाटते, कारण डोंगरातल्या रस्त्यावर दिवसभरात जे चार-पाच महत्त्वाचे निर्णय घ्यावे लागतात ते कोणी घ्यायचे, यावर या दोन सहली मुळातच वेगळ्या होतात.

गाइडेड सहलीचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. जेवणाआधी गाइड दुसऱ्या दिवसाचा मार्ग समजावून सांगतो. पहिला चढ किती लांबीचा आहे, सर्वांत तीव्र भाग कुठे लागतो, पाणी कुठे भरायचे, गाडी कोणत्या वळणावर उभी असेल आणि हवामानाचा अंदाज पाहता सकाळी किती वाजता निघायचे, हे सगळे तेव्हाच ठरते. सकाळी एक गाइड सायकलवर गटासोबत असतो आणि दुसरा बहुधा गाडी चालवत मागेपुढे राहतो. सेल्फ-गाइडेड सहलीत कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी सायकल तुमच्या मापाने बसवून देतो, कागदपत्रे आणि मार्गाच्या फाइली हाती सोपवतो आणि निरोप घेतो. त्यानंतर रोज संध्याकाळी सामान हॉटेलात पोहोचलेले दिसते, परंतु दिवसभरात कंपनीचे कोणीही भेटत नाही.

गाइडचे खरे काम काय, याचे उत्तर आल्प द्युएझच्या पायथ्याशी चांगले मिळते. बूर द्वाझाँ या गावाजवळून सुरू होणारा हा चढ १३.८ किलोमीटरचा असून त्याची सरासरी तीव्रता सुमारे ८ टक्के आहे, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर चढ. १९५२ साली तूर द फ्रान्स या प्रसिद्ध सायकल शर्यतीचा टप्पा येथे पहिल्यांदा संपला आणि तो फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूने जिंकला. तेव्हापासून या रस्त्याला जे वलय लाभले आहे, त्यामुळे येथे येणारा हौशी सायकलस्वार पायथ्याशीच भारावलेला असतो. वळणांना २१ पासून उलटे क्रमांक दिलेले आहेत आणि पाट्यांवर येथे जिंकलेल्या स्पर्धकांची नावे आहेत. पाय ताजे असताना लागणारा सुरुवातीचा भागच सर्वांत खडा आहे आणि तेथे तीव्रता १० टक्क्यांच्या आसपास जाते. उत्साहाच्या भरात तेथे जोर लावणाऱ्याला त्याची किंमत पुढच्या वळणांवर मोजावी लागते. म्हणून चांगला गाइड या टप्प्यावर गटाला मुद्दाम हळू चालवतो, कोणाचा श्वास बोलता येऊ नये इतका चढला आहे ते पाहतो आणि कोणी दिलेला वेग ओलांडून पुढे जाऊ लागला तर त्याला मागे बोलावतो. ही शिस्त माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नसते. गिअरचेही तसेच आहे. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे ३४ दातांची चकती असेल, तर मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवून ताशी साधारण साडेसात किलोमीटर वेग मिळतो आणि ८ टक्क्यांचा चढ दीड-दोन तास सोसता येतो. मागे २८ दातांचीच चकती असेल, तर त्याच फेऱ्यांसाठी नऊ किलोमीटरहून थोडा जास्त वेग ठेवावा लागतो आणि तो बहुतेकांच्या ताकदीबाहेरचा असतो. गाइडेड सहलीत हा विचार तुमच्यासाठी कोणीतरी आधीच केलेला असतो. सेल्फ-गाइडेड सहलीत सायकल आरक्षित करताना ही मागणी तुम्हालाच करावी लागते.

सर्वांत मोठा फरक मात्र गालिबिएच्या दिवशी कळतो. मोरिएन खोऱ्यातल्या सें-मिशेलहून निघाल्यावर आधी तेलेग्राफ घाटाचा सुमारे १२ किलोमीटरचा चढ लागतो आणि तो १,५६६ मीटरवर संपतो. मग जवळजवळ पाच किलोमीटर उतरून वालुआर हे गाव येते आणि तेथून १८ किलोमीटर चढल्यावर २,६४२ मीटरवरचा गालिबिएचा माथा येतो. एका दिवसाची ही चढाई दोन हजार मीटरच्या घरात जाते. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट ज्यांनी चढला आहे, त्यांनी तो लागोपाठ साडेतीन-चार वेळा चढण्याची कल्पना करावी, म्हणजे अंदाज येईल. सिंहगडावर नियमित सराव करणाऱ्या पुण्याच्या सायकलस्वाराला येथली तीव्रता नवी नसते, परंतु ही लांबी नवी असते. त्यातच उंची हजार मीटरने वाढली की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे खोऱ्यात अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत घाम फुटत असताना माथ्यावर हवा दहा-बारा अंशांनी गार असते. ओल्या कपड्यांनिशी लांब उतार उतरताना बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. उन्हाळ्यात दुपारनंतर आल्प्समध्ये विजांसह पाऊस येणे ही नेहमीची गोष्ट आहे.

अशा दिवशी वालुआरमध्ये दुपारी बारा वाजता ढग जमू लागले, तर पुढे जायचे, थांबायचे की मागे फिरायचे? गाइडेड सहलीत हा प्रश्न गाइड सोडवतो. त्याने तो रस्ता वेगवेगळ्या हवामानात पाहिलेला असतो, सर्वांची जाडी जाकिटे गाडीत असतात आणि मागे फिरायचे ठरले तर सायकली गाडीवर चढवून सगळा गट मुक्कामी पोहोचतो. सेल्फ-गाइडेड सहलीत हाच प्रश्न दोन-तीन मित्रांना आपसात सोडवावा लागतो. प्रत्येक जण हजारो किलोमीटरचा प्रवास करून याच घाटासाठी आलेला असतो, त्यामुळे माघारीचा प्रस्ताव आधी कोणी मांडत नाही. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आलेली नसते. सामान सकाळीच घाटापलीकडच्या हॉटेलात रवाना झालेले असते, म्हणजे कोरडे कपडे, रात्रीचा निवारा आणि पैसे भरून घेतलेले जेवण हे सर्व डोंगराच्या पलीकडच्या बाजूला असते. मागे फिरले तर टॅक्सी शोधून, डोंगराला मोठा वळसा घालून पलीकडे जावे लागते. सामान पोहोचवण्याची ही सोय संध्याकाळी सुखाची वाटते, पण दुपारी तीच सायकलस्वाराला नको त्या दिशेने ओढते. म्हणून सेल्फ-गाइडेड सहल घेणाऱ्याने एकाच गावात मुक्काम ठेवून रोज वेगळा घाट चढून परत येण्याचा आराखडा निवडावा, असे मी आग्रहाने सुचवीन. बूर द्वाझाँ त्यासाठी उत्तम आहे. आल्प द्युएझ, क्रुआ द फेर आणि लोतारे या तिन्ही वाटा तेथून निघतात आणि कुठूनही माघारी वळता येते.

दोन्ही प्रकारांत गाडी असते, हे गोंधळाचे आणखी एक कारण आहे. गाइडेड सहलीतली गाडी सायकलस्वारांसाठी असते आणि तिच्यात पाणी, खाणे, सुटे चाक, पंप व रिकामी आसने असतात. सेल्फ-गाइडेड सहलीतली गाडी बॅगांसाठी असते. ती सकाळी निघते, बहुधा दुसऱ्याच रस्त्याने जाते आणि तुमचा टायर फाटला त्या वेळी ती कुठे असेल याचा तुमच्याशी संबंध नसतो. माहितीपत्रकात केवळ सपोर्ट हा शब्द वाचून समाधान मानू नये. दुपारी तीन वाजता ती गाडी कुठे असते, असे स्पष्ट विचारावे.

भारतातून जाणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात आणि भाड्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताशी असतो. सरळ रस्त्यावर इतरांच्या मागोमाग जाताना चूक होत नाही. फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळताना किंवा गोल चौकात शिरताना जुनी सवय उफाळून येते. गटात पुढच्या चाकामागे जाण्याची सवय दोन दिवसांत अंगवळणी पडते आणि गाइड ओरडून सावध करतो. एकट्या-दुकट्याला स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी लागते. बूर द्वाझाँहून लोतारेकडे जाताना बोगदे आहेत, तेव्हा पुढचा व मागचा दिवा सोबत हवाच. सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास फ्रान्समध्ये २०१५ पासून बंदी आहे.

कायदाही या दोन सहलींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन लोकांना खेळाचे मार्गदर्शन करणाऱ्याकडे शासनमान्य पात्रता आणि व्यावसायिक ओळखपत्र असावे लागते, म्हणून गाइडेड सहल घेताना गाइडकडे ते आहे का, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. सेल्फ-गाइडेड सहलीत मार्गदर्शन करणारे कोणी नसल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. निवास आणि इतर प्रवाससेवा एकत्र विकणाऱ्या कंपन्यांसाठी युरोपीय संघाचे जे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत, ते दोन्ही प्रकारांना लागू पडतात, म्हणजे ठरलेले हॉटेल मिळाले नाही तर जबाबदारी कंपनीचीच राहते. मात्र पावसात घाट चढण्याचा निर्णय तुमचा असेल, तर त्याचे परिणामही तुम्हालाच भोगावे लागतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावा लागतोच, परंतु त्या पॉलिसीत डोंगरातली सायकलिंग आणि तेथून होणारी सुटका समाविष्ट आहे का, हे सेल्फ-गाइडेड सहलीला जाणाऱ्याने अधिक बारकाईने वाचले पाहिजे. अपघातात ११२ हा नंबर फिरवायचा असतो, आणि तो फिरवणारेही तुम्हीच असता.

एवढे वाचून सेल्फ-गाइडेड सहल कमी प्रतीची आहे असे कोणी समजू नये. गटात वेग सारखा नसतो, त्यामुळे जलद चालणाऱ्याला माथ्यावर थंडीत वाट पाहावी लागते आणि सावकाश चालणाऱ्याला आपल्यामुळे सगळे खोळंबले आहेत असे वाटत राहते. लोतारेच्या वाटेवर ला ग्राव्ह गावातून समोर हिमनद्यांनी लगडलेले मेज शिखर दिसते, आणि तेथे तासभर बसावेसे वाटले तर गाइडेड सहलीत ते जमेलच असे नाही. पती-पत्नींची ताकद वेगळी असेल, मध्येच एक दिवस विश्रांती हवी असेल, तर सेल्फ-गाइडेड सहल कितीतरी सुखाची होते. मात्र दुपारच्या जेवणाचे भान ठेवावे लागते, कारण लहान गावांतली उपाहारगृहे साधारण दोन वाजता स्वयंपाकघर बंद करतात. शाकाहारी व्यक्तीने तर खाणे सोबतच बाळगावे.

मनाली ते लेह सायकलने गेलेल्या मराठी मंडळींनी त्या अनुभवावरून आल्प्सचा अंदाज बांधू नये. तेथे टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, मुक्कामही उंचावर असतात आणि विरळ हवेचा आजार ही खरी भीती असते, म्हणून सोबत गाडी व जाणकार माणूस असणे मला तेथे अनिवार्य वाटते. आल्प्समध्ये रात्री सातशे-आठशे मीटरवर झोपता येते, गावे जवळजवळ आहेत आणि घाटांच्या कडेला प्रत्येक किलोमीटरवर उंची व पुढच्या किलोमीटरची तीव्रता लिहिलेले दगड लावलेले आढळतात. म्हणूनच सेल्फ-गाइडेड सहल तेथे शक्य होते.

ज्याने दोन तासांचा सलग चढ कधी चढलेला नाही आणि तितकाच लांब उतार कधी उतरलेला नाही, त्याने पहिली सहल गाइडेडच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च आड येत असेल, तर सहल सेल्फ-गाइडेड ठेवून तिथल्या पात्रताधारक गाइडला एक-दोन दिवसांपुरते बोलावता येते. असे बोलवायचेच असेल, तर त्यातला एक दिवस पहिला ठेवावा, म्हणजे उजव्या बाजूने चालण्याची आणि उतार उतरण्याची घडी नीट बसते, आणि दुसरा दिवस गालिबिएचा ठेवावा.